चाक, लेखणी आणि प्राध्यापक चाइल्ड

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

प्राचीन इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हटकून येतो : आद्य मानवी संस्कृतींचा उदय व विकास स्पष्ट करा. आपण सर्वजण त्याचे उत्तर ठरावीक पद्धतीने लिहितो. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग-हो अशी नद्यांची नावे घ्यायची, काठावरच्या सुपीक गाळाचे वर्णन करायचे, मग शेती, मग नगरे, मग राजे, मंदिरे आणि लिपी. दोन पाने भरली की गुण मिळतात. पण उत्तर लिहिता लिहिता मला नेहमी एक शंका येई. नद्या तर माणूस जन्माला येण्याच्या आधीपासून वाहत होत्या. त्यांच्या काठाने माणूस लाखो वर्षे हिंडला, शिकार करून आणि कंदमुळे खाऊन जगला. मग नगरे पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीच का उभी राहिली? पाणी आणि गाळ यांनीच नगर होत असते, तर ते कितीतरी आधी व्हायला हवे होते.

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य वाहिले, त्या व्हिअर गॉर्डन चाइल्ड यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाते. नवाश्मयुगीन क्रांती आणि नागरी क्रांती हे दोन शब्दप्रयोग आपण सारखे वापरतो, ते रूढ केले चाइल्ड यांनी. माणूस कोण होता हे कोणी सांगत नाही. आमच्या ग्रंथालयात त्यांची दोन जुनी पुस्तके आहेत. इंग्रजी मला जड जाते, शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागते, तरी ती पुस्तके मी पुरी केली आणि मग त्यांच्या चरित्राच्या मागे लागले.

चाइल्ड यांचा जन्म १४ एप्रिल १८९२ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या उत्तर भागात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. घर सुखवस्तू होते, शिस्त कडक आणि वातावरण धार्मिक. निळ्या डोंगरांच्या प्रदेशात, म्हणजे ब्लू मौंटन्समध्ये, वडिलांचा मोठा बंगला होता व मुलाचे लहानपण बरेचसे तिथेच गेले. प्रकृती नाजूक असल्यामुळे काही वर्षे त्याचे शिक्षण घरीच झाले. १९१० साली आई वारली. पुढच्या वर्षी सिडनी विद्यापीठात नाव घातले, ग्रीक आणि लॅटिन घेऊन १९१४ मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळवली, सुवर्णपदकासारखा मान मिळवला, आणि दोनशे पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डची वाट धरली. इथवर हे एखाद्या हुशार, सुखी घरातल्या मुलाचे चरित्र वाटते. पण ते ऑक्सफर्डला निघाले त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले होते.

ऑक्सफर्डमध्ये त्यांची मैत्री जडली रजनी पाम दत्त यांच्याशी. दत्त यांचे वडील बंगाली डॉक्टर, आई स्वीडिश. दोघे एकाच बिऱ्हाडी राहत व रात्र रात्र वाद घालत. युद्ध हे गरिबांच्या पोरांना मरायला पाठवते, असे दोघांचे मत होते. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल दत्त तुरुंगात गेले. चाइल्ड यांनी त्यांच्या सुटकेसाठी धडपड केली. १९१७ मध्ये ते पदवी घेऊन मायदेशी परतले, तेव्हा त्यांची मते त्यांच्या आधी घरी पोचली होती. सिडनीतील एका महाविद्यालयात मिळालेली नोकरी १९१८ मध्ये सोडावी लागली. विद्यापीठाच्या प्रौढ वर्गांना प्राचीन इतिहास शिकवायची जागा जवळजवळ हातात आली होती, ती वरिष्ठांनी अडवली. मग काही दिवस एका शाळेत लॅटिन शिकवले. जो मुलगा विद्यापीठाचे भूषण म्हणून परदेशी गेला, त्याला त्याच विद्यापीठाने आपल्या दारात उभे केले नाही.

मग ते राजकारणात शिरले. न्यू साउथ वेल्सचे मजूर पक्षाचे नेते जॉन स्टोरी यांचे खासगी सचिव झाले. १९२० मध्ये स्टोरी मुख्यमंत्री झाले आणि १९२१ मध्ये चाइल्ड यांना सरकारी कामावर लंडनला पाठवण्यात आले. पण स्टोरी वारले, सरकार बदलले, आणि नव्या सरकारने ही जागाच काढून टाकली. तिशीचा माणूस परक्या शहरात बेकार झाला. मजूर पक्षाची सत्ता आतून पाहिली होती, तिच्याविषयी त्यांनी १९२३ मध्ये एक कडवट पुस्तक लिहिले आणि सक्रिय राजकारणाला कायमचा रामराम ठोकला. भाषांतराची कामे करून पोट भरायचे आणि उरलेला वेळ ब्रिटिश म्युझियम व तिथल्या ग्रंथालयांत घालवायचा, अशी तीन वर्षे गेली. १९२५ मध्ये रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपालाची जागा मिळाली, तेव्हा कुठे हक्काचा पगार सुरू झाला.

या बेकारीच्या वर्षांतच त्यांना आपला खरा विषय सापडला, आणि तो सापडला खापरांत. व्हिएन्नाच्या संग्रहालयात बुकोव्हिना प्रांतातून आलेली रंगीत खापरे पडून होती, ती त्यांनी १९२२ मध्ये जाऊन तपासली. मग मध्य आणि पूर्व युरोपातील संग्रहालये पालथी घातली. युरोपातल्या बहुतेक भाषा त्यांना वाचता येत, त्यामुळे ज्या उत्खननांचे अहवाल इंग्लंडात कोणी उघडूनही पाहत नसे, ते त्यांनी वाचून काढले. एकाच तऱ्हेची मडकी, एकाच तऱ्हेची घरे, हत्यारे आणि दफने जिथे जिथे पुन्हा पुन्हा एकत्र सापडतात, तिथे एक विशिष्ट लोकसमूह, एक संस्कृती नांदत होती असे समजायचे, ही त्यांची पद्धत. ज्यांनी एक अक्षर लिहून ठेवले नाही, त्यांचाही इतिहास अशा रीतीने लिहिता येतो, हे १९२५ च्या 'द डॉन ऑफ युरोपियन सिव्हिलायझेशन' या ग्रंथाने दाखवून दिले. पुढच्या बत्तीस वर्षांत त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या.

इथे थोडे घरचे सांगते. आम्ही कुंभार. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अंगणाच्या एका कोपऱ्यात फुटक्या मडक्यांचा ढीग असतो; आव्यातून तडकून निघालेला माल तिथे टाकतात. राजांच्या वंशावळ्या, तह आणि लढाया शाळेपासून पाठ करत आले, त्यांत आमच्यापैकी कोणी कधी भेटले नाही. आणि इथे एक परदेशी प्राध्यापक सांगत होता की मानवजातीच्या आयुष्यातला सर्वांत लांबलचक काळ समजून घ्यायचा तर तो खापरांवरूनच समजेल. मडक्याची कड कशी वळवली आहे, माती कशात मळली आहे, आव्याची आच किती लागली आहे यावरून गावाचे वय आणि नाते ठरते. आमच्या वडिलांना दुसऱ्या गावचा माठ नुसता वाजवून ओळखता येतो. त्यालाही शास्त्र म्हणतात, हे मला चाइल्डमुळे कळले.

१९२७ मध्ये एडिनबरो विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तिथे ते एकोणीस वर्षे राहिले. लग्न केले नाही. हॉटेलात राहायचे, पत्ते खेळायचे, मोटार भरधाव हाकायची. डोक्याला रुंद काठाची काळी टोपी, गळ्यात लाल टाय, उन्हाळ्यात आखूड चड्डी आणि पायात जड बूट, असा वेश पाहून लोक वळून बघत. मनमोकळे मित्र थोडे. उत्खननाच्या कामात ते फार वाकबगार नव्हते, असे त्यांचे चाहतेही मान्य करतात. तरी ऑर्कने बेटांवरील स्कारा ब्रे हे गाव त्यांनी १९२८ ते १९३० या काळात खणले, ते जगप्रसिद्ध झाले. १८५० च्या वादळात वाळू उडून गेल्यामुळे तिथली दगडी घरे उघडी पडली होती. बेटावर लाकूड दुर्मिळ, म्हणून पलंग दगडाचे, फडताळे दगडाची, मधोमध चूल. चाइल्ड यांनी सुरुवातीला हे गाव लोहयुगातले धरले व तसे १९३१ मध्ये छापलेही. पुढे तिथल्या खोलगट रेघांच्या खापरांचे साम्य इतर ठिकाणच्या खापरांशी जुळले आणि गाव नवाश्मयुगातले ठरले. आज त्याचा काळ इ.स.पू. ३१८० ते २५०० असा मानतात, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहूनही त्याची सुरुवात जुनी. खापरांनी खुद्द खापरांच्या पंडिताला दुरुस्त केले!

१९३३ मध्ये ते इराक आणि भारतात येऊन गेले. इराक त्यांना आवडला. भारत मात्र मुळीच आवडला नाही, इथला उकाडा आणि इथले दारिद्र्य दोन्ही त्यांना सोसवले नाही. हे वाचून मला वाईट वाटले, पण लपवण्यात काय अर्थ? उकाड्याचे सोडा; दारिद्र्य पाहून ज्याला बरे वाटेल तो माणूस कसला? आपल्या सिंधू संस्कृतीला त्यांनी इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या पंक्तीला बसवले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या शोधाची घोषणा १९२४ साली झाली होती. प्रत्यक्ष उत्खनने पाहिल्यावर आपले पूर्वीचे लिखाण शिळे झाले हे त्यांनी ओळखले आणि १९३४ मध्ये नवे पुस्तक लिहिले.

यानंतर १९३६ मध्ये आले 'मॅन मेक्स हिमसेल्फ'. माणूस स्वतःच स्वतःला घडवतो, असे नावच आहे. आपल्या परीक्षेतल्या प्रश्नाचे खरे उत्तर या पुस्तकात आहे. औद्योगिक क्रांतीने माणसांची संख्या आणि जगणे जसे पालटले, तसे पालट त्याआधी दोनदा घडले, असे चाइल्ड म्हणतात. पहिला, माणूस अन्न शोधण्याऐवजी अन्न पिकवू लागला तेव्हा. दुसरा, खेड्यांतून नगरे निर्माण झाली तेव्हा. या दोहोंना जोडणारी कडी म्हणजे धान्याचा वाढावा. कुटुंबाला लागते त्याहून थोडे जास्त पिकले आणि ते साठवता आले, की त्यावर न पेरणाऱ्या माणसाचे पोट भरू शकते. मग लोहार, सुतार, कुंभार पूर्णवेळ आपला धंदा करू शकतात.

हे समजायला मला इराकला जावे लागले नाही. आजोबांच्या काळी आम्ही बलुतेदार होतो. वर्षभर गावाला घागरी, रांजण, सुगडी पुरवायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य आणायचे. शेतकऱ्याच्या खळ्यावर चार पायल्या उरल्या तर आमच्या घरात चूल पेटायची. ज्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी चाक बंद. चाइल्ड यांनी वाढावा या शब्दात जे मांडले ते आजोबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण पुढचा भाग आजोबांच्या अनुभवापलीकडचा आहे. वाढावा नुसता असून भागत नाही, तो एके ठिकाणी गोळा व्हावा लागतो. हजारो कुटुंबांच्या कणग्यांतले मूठमूठ धान्य कोणीतरी ओढून एका कोठारात आणले, तेव्हा नगर झाले. दक्षिण इराकमध्ये उरुक नावाचे शहर होते. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस त्याचा विस्तार सुमारे अडीचशे हेक्टर झाला होता आणि हजारो लोक तिथे राहत होते. तिथे ओतीव साच्यासारख्या एकसारख्या, ओबडधोबड वाडग्यांचे ढीगच्या ढीग सापडतात. चाकावर न घडवता माती साच्यात दाबून झटपट केलेले, पाणीसुद्धा नीट धरणार नाहीत असे वाडगे. मजुरांना धान्याचा शिधा मोजून देण्यासाठी ते वापरत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. याच उरुकमध्ये जगातले सर्वांत जुने लेखन मिळाले. सुमारे पाच हजार मातीच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे. आणि त्यांवर बहुतेक ठिकाणी काय आहे? हिशेब. जव किती आले, मेंढ्या किती, कोणाला किती दिले. त्या लिपीत जेवणे या अर्थी जे चिन्ह आहे, त्यात माणसाचे डोके आणि त्याच्यापुढे वाडगा काढला आहे. म्हणजे मानवाने पहिल्यांदा लेखणी उचलली ती काव्य लिहायला नव्हे, कोठाराची वही लिहायला.

चाइल्ड यांचे मोठेपण असे की या नगरांच्या झगमगाटाने ते दिपून गेले नाहीत. त्यांनी एक साधी गणना केली. इ.स.पू. ३००० पूर्वीच्या दोनेक हजार वर्षांत माणसाने कालवे, नांगर, शिडाची होडी, चाकाची गाडी, तांबे आणि कासे, विटा, पंचांग, लेखन अशी शोधांची रास घातली. आणि नगरे, राजे, मंदिरे भरभराटीला आल्यावरच्या दोन हजार वर्षांत त्या तोडीचे शोध किती? त्यांच्या मते चारच : बाबिलोनमधली अंकलेखनाची पद्धत, लोखंड स्वस्तात गाळण्याची कृती, वर्णमाला आणि शहराला पाणी आणणारे जलसेतू. असे का व्हावे? त्यांचे उत्तर असे की नगरात शोध लावणारे हात खालच्या वर्गात ढकलले गेले. ज्याला माती, धातू, लाकूड समजत होते त्याला लिहिता येत नव्हते. ज्याला लिहिता येत होते त्याला हाताने काम करण्याची लाज वाटत होती. कारागिराने कष्ट वाचवणारी युक्ती काढली तरी फायदा कोठाराच्या मालकाचा. मग तो कशाला डोके चालवील?

प्राचीन इजिप्तमध्ये एक धडा विद्यार्थ्यांकडून शेकडो वर्षे गिरवून घेतला जाई. एक बाप मुलाला लेखनिकांच्या शाळेत घालायला घेऊन चालला आहे आणि वाटेत त्याला एकेका धंद्याची दुर्दशा वर्णन करून सांगतो आहे. लोहार, सुतार, न्हावी, कोष्टी; त्यात चिखलात लोळणारा कुंभारही आहे. लेखनिक हो, म्हणजे या सगळ्यांतून सुटशील, हे तात्पर्य. हा धडा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या वडिलांनी तो वाचलेला नाही, त्यांना सहीपुरते लिहिता येते. पण मला महाविद्यालयात घालताना त्यांनी जे सांगितले ते शब्दाशब्दाने तेच होते. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. मी लेखणी धरली म्हणून आज हे लिहिते आहे. पण चाकावर माती मधोमध कशी बसवायची हे मला येत नाही, धाकट्या भावालाही येत नाही, आणि वडील ते कोणाला लिहून देऊ शकत नाहीत. चाइल्ड यांनी पाच हजार वर्षांपूर्वीच्या ज्या फारकतीविषयी लिहिले, ती आमच्या घरात या दोन वर्षांत झाली.

आणखी एक गोष्ट मुलींनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. पहिल्या क्रांतीतले बहुतेक शोध, बी पेरणे, भांडी भाजणे, सूत कातणे, विणणे, हे बायकांचे असावेत असे चाइल्ड यांनी मांडले. जगभरच्या साध्या समाजांत ही कामे बायकाच करतात, यावरून त्यांनी तो निष्कर्ष काढला. चाक आले, मडकी घडवणे हा पूर्णवेळ धंदा झाला, तेव्हा तो पुरुषांकडे गेला. आमच्याकडे आजही चाकाला बाईने हात लावायचा नाही. माती चाळणे, लीद आणि राख घालून मळणे, थापीने ठोकून घडा वाढवणे, रंग देणे सगळे आई करते. आणि लोक म्हणतात, मडकी वडील घडवतात.

१९४० च्या सुमारास युरोप दुसऱ्या महायुद्धात होरपळत होता. जर्मनीत नाझी लोक पुरातत्त्वाचा आधार घेऊन आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाच्या गप्पा मारीत होते. चाइल्ड यांनी स्वतः १९२६ मध्ये आर्यांवर एक पुस्तक लिहिले होते. पुढे ते त्याचा फारसा उल्लेख करीत नसत. वंश वेगळा आणि संस्कृती वेगळी, खापरावरून रक्त ओळखता येत नाही, हे ते १९३३ पासून निक्षून सांगत होते. युद्धाच्या अंधारातच त्यांनी 'व्हॉट हॅपन्ड इन हिस्टरी' हे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक लिहिले. १९४२ मध्ये ते स्वस्त आवृत्तीत निघाले व प्रचंड खपले. ते मार्क्सवादी होते, रशियाला अनेकदा जाऊन आले, म्हणून युद्धानंतर अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला. त्याच अमेरिकेत १९३६ मध्ये हार्वर्डने त्यांना सन्मान्य पदवी दिली होती. दुसरीकडे १९५६ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञांना पत्र लिहून त्यांच्या कामातल्या उणिवा त्यांनी स्पष्ट शब्दांत दाखवल्या. दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्या माणसांपैकी ते एक.

१९४६ ते १९५६ ही दहा वर्षे ते लंडनच्या पुरातत्त्व संस्थेचे संचालक होते. १९५० मध्ये त्यांनी नागरी क्रांतीवर जो लेख लिहिला, त्यातली नगराची दहा लक्षणे आपल्याला पाठ असतात. पण ती यादी म्हणून पाठ केली की तिचा जीव जातो. मोठी वस्ती, कारागीर, कर, भव्य इमारती, राज्यकर्ता वर्ग, लेखन, गणित, कला, दूरचा व्यापार आणि नात्याऐवजी वास्तव्यावर आधारलेली राज्यव्यवस्था, ही सारी एकाच कोठाराची पिल्ले आहेत.

त्यांचे सगळेच टिकले असे नाही. हिमयुग संपल्यावर प्रदेश कोरडे पडले, माणसे आणि जनावरे पाण्याच्या ठिकाणी गोळा झाली आणि तिथे शेती जन्मली, हा त्यांचा तर्क रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९४८ पासून इराकच्या डोंगरपायथ्याशी जार्मो येथे खणून तपासला. त्याला आधार मिळाला नाही. तुर्कस्तानातील गोबेक्ली तेपे येथे १९९५ पासून झालेल्या उत्खननात इ.स.पू. ९५०० च्या सुमाराचे, साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे कोरीव दगडी खांब सापडले, आणि ते उभारणारे लोक शेतकरी नव्हते, शिकारी होते. म्हणजे भव्य इमारत शेतीच्याही आधी! आपल्या सिंधू नगरांत विटा, वजने, गटारे सगळे मापात आहे, पण राजवाडा म्हणून निःसंशय दाखवता येईल अशी वास्तू मिळालेली नाही. आणि मला सर्वांत आनंद देणारी दुरुस्ती अशी : चीनमधील एका गुहेतली खापरे वीस हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पहिली शेती होण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी मडके भाजत होते. बलुत्याच्या हिशेबात शेतकरी आधी आणि कुंभार नंतर. वयाच्या हिशेबात मात्र उलटे आहे.

मुदतीच्या एक वर्ष आधी, १९५६ मध्ये, चाइल्ड निवृत्त झाले आणि आपली पुस्तके संस्थेला देऊन टाकली. १४ एप्रिल १९५७ रोजी, पासष्टाव्या वाढदिवशी, ते सिडनीला उतरले. ज्या विद्यापीठाने त्यांना एकेकाळी नोकरी नाकारली होती, त्यानेच आता सन्मान्य पदवी दिली. सहा महिने ते नातलग आणि जुन्या मित्रांना भेटत, लहानपणीच्या डोंगरांत हिंडत राहिले. १९ ऑक्टोबर १९५७ च्या सकाळी ब्लू मौंटन्समधील गोवेट्स लीप या कड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. टोपी, चष्मा, होकायंत्र, पाइप आणि पावसाळी कोट वरच होता. अपघात अशी नोंद झाली. त्यांनी संस्थेच्या नव्या संचालकांना लिहिलेले, काही वर्षे उघडू नये अशी सूचना असलेले पत्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मरण त्यांनी स्वतः पत्करले होते हे कळले. म्हातारपणी बुद्धी मंदावेल, आपण इतरांवर भार होऊ, ही भीती त्यांनी त्यात मांडली होती. मला हे पटत नाही. आमच्या घरी आजी आता काही काम करू शकत नाही, पण भार शब्द तिच्याविषयी कोणाच्या मनात येत नाही. समाजाच्या पोटातून वाढावा कसा निघतो हे ज्यांनी जगाला शिकवले, त्यांनी स्वतःचा मात्र इतका काटेकोर हिशेब करायला नको होता. चाइल्ड यांच्याशी माझे एवढेच भांडण आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६८ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे उत्खनन सुरू केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी तिथे बारा हंगाम खणत होते. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले ते शेतकऱ्यांचे गाव. शंभराहून अधिक घरे निघाली. काळ्या रंगाने चितारलेली, तोटीची, तांबूस जोर्वे भांडी निघाली. चाकावर अशी सफाईदार घडवलेली की वाजवली तर धातूसारखा नाद येतो. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, बहुधा गावप्रमुखाचे, आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. इनामगाव कधी नगर झाले नाही. पावसाने ओढ दिली आणि शेवटी लोक चौकोनी घरे सोडून गोल झोपड्यांत राहू लागले व गाव ओस पडले. पण कोठार कोणाच्या दाराशी होते ते स्पष्ट दिसते. तिथे कुंभाराचे घरही सापडले आहे. ते इतर कारागिरांच्या घरांबरोबर गावाच्या पश्चिम कडेला होते. आमची आळीही गावाच्या कडेलाच आहे. आव्याचा धूर घरांवर जाऊ नये म्हणून तशी ठेवली आहे, असे गावात सांगतात.